आद्याक्षरं, लघुरूपं आणि विरामचिन्हं : मजकूर छापायला जाण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. संस्थेचा वार्षिक अहवाल आणि समारंभाची निमंत्रणपत्रिका तयार करायचं काम तुमच्याकडे आलं आहे आणि कार्यकारिणीत एकमत होत नाही. कुणी म्हणतं ‘पु.ल.’ चिकटवून लिहा, कुणी म्हणतं मध्ये जागा सोडा. ‘श्री’पुढे टिंब द्यायचं की नाही, ‘पी.एच.डी.’ बरोबर की चूक, ‘म्हणाले की’मध्ये स्वल्पविराम कुठे, यावरही वाद आहेत. पत्रातल्या विरामचिन्हांबद्दलही विचारलं आहे. आणि शेवटी तुम्ही विचारता, की याचे नियम कुठे लिहून ठेवले आहेत का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. शासनमान्य शुद्धलेखनाचे नियम एकूण अठरा आहेत : १९६२ साली मान्य झालेले चौदा आणि १९७२ साली त्यांत भर पडलेले चार. त्यांत अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ, सामान्यरूप अशा गोष्टी येतात. लघुरूपापुढे टिंब द्यावं का, दोन आद्याक्षरांत जागा सोडावी का, यावर त्यांत चकार शब्द नाही. म्हणजे या बाबतीत आपल्या हाती आहे ती छापखान्यांची, संपादकांची आणि मुद्रितशोधकांची वहिवाट. ती सगळीकडे सारखी नाही, म्हणून तर कार्यकारिणीत भांडणं होतात.

मी आयुष्यभर मुद्रितं तपासत आलो आहे. या वहिवाटीतलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवायला मी एकच कसोटी लावतो. अनोळखी माणसाने ते लघुरूप मोठ्याने वाचलं, तर त्याला ते एकाच रीतीने उलगडता आलं पाहिजे. दोन रीतींनी उलगडत असेल तर ते चुकलं, मग टिंबं कितीही जागच्या जागी असोत. लघुरूपाने लिहिणाऱ्याचे श्रम वाचतात, पण ते उलगडायचे श्रम वाचणाऱ्याच्या गळ्यात पडतात. औपचारिक लेखनात हा व्यवहार शक्य तितका वाचणाऱ्याच्या बाजूने असावा. (मी इथे ‘केलं’, ‘असं’ लिहितो आहे, कारण हे बोलल्यासारखं उत्तर आहे. तुमच्या अहवालात ‘केले’, ‘असे’ हवं. आणि दोन्हींची सरमिसळ तर नकोच.)

आधी नावं. मराठीत आद्याक्षर म्हणजे नावातलं पहिलं अक्षर, पहिला वर्ण नव्हे. त्या अक्षरावर काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार जे काही असेल ते सगळं बरोबर येतं. जोडाक्षर असेल तर अख्खं जोडाक्षर येतं. म्हणून पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे हे पु. ल. देशपांडे होतात, ‘प. ल.’ होत नाहीत. प्रल्हाद केशव अत्रे हे प्र. के. अत्रे. चिंतामण त्र्यंबक खानोलकर हे चिं. त्र्यं. खानोलकर, रघुनाथ धोंडो कर्वे हे र. धों. कर्वे आणि पांडुरंग वामन काणे हे पां. वा. काणे. अनुस्वार गाळून ‘चि. त्र्य.’, ‘र. धो.’ असं छापलेलं वरचेवर दिसतं. ती चूकच आहे. ‘चि.’ म्हणजे चिरंजीव. त्यामुळे चिं. वि. जोशींना ‘चि. वि. जोशी’ केलं, की चिमणरावांचे जनक लग्नपत्रिकेतल्या नवरदेवासारखे दिसू लागतात.

अनुस्वार नेमका कोणत्या अक्षरावर आहे एवढं पाहायचं. शंकर नारायण नवरे यांचं शं. ना. होतं, कारण तो पहिल्याच अक्षरावर आहे. वसंत पुरुषोत्तम काळे यांचं व. पु. होतं, कारण ‘वसंत’मधला अनुस्वार दुसऱ्या अक्षराचा आहे. महिन्यांच्या नावांनाही हेच लागू : ‘सप्टें.’, ‘नोव्हें.’, ‘डिसें.’. शब्द कुठेही तोडा, पण अक्षराच्या सीमेवर तोडा. ‘क्रमांक’चं लघुरूप ‘क्र.’, ‘ग्रॅम’चं ‘ग्रॅ.’, ‘उदाहरणार्थ’चं ‘उदा.’.

इथे एक शंका हमखास निघते. एकाक्षरी शब्दातला इकार-उकार दीर्घ लिहावा असा नियम आहे : मी, ही, ती, जू. मग ‘पु.’ आणि ‘वि.’ ऱ्हस्व कसे? कारण हे शब्द नव्हेत, शब्दांचे तुकडे आहेत. मूळ शब्दात पहिलं अक्षर जसं असेल तसंच ते तुकड्यात येतं. दिनांक म्हणून ‘दि.’, जिल्हा म्हणून ‘जि.’, पण तीर्थरूप म्हणून ‘ती.’. कुणी उत्साहाने ‘पू. ल. देशपांडे’ अशी दुरुस्ती सुचवली, तर नम्रपणे ती परत पाठवा.

आता जागेचा वाद. प्रत्येक आद्याक्षरानंतर टिंब आणि टिंबानंतर एक जागा, ही माझ्या मते सर्वांत निर्धोक पद्धत : ‘वि. वा. शिरवाडकर’. ‘वि.वा.शिरवाडकर’ असं चिकटवलं, की संगणक तो एकच लांबलचक शब्द समजतो आणि ओळीच्या शेवटी मावला नाही तर सगळाच्या सगळा खाली ढकलतो. मग वरच्या ओळीत भगदाड पडतं. जागा सोडल्यावर उलटी अडचण येते. ‘वि.’ एका ओळीच्या शेवटी लटकतं आणि ‘वा. शिरवाडकर’ पुढच्या ओळीत जातात. त्यावर उपाय आहे. वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये साध्या स्पेसबारऐवजी कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेसबार एकत्र दाबा. जागा दिसते, पण ओळ तिथे तुटत नाही. ‘क्र. ५’, ‘रु. ५००’, ‘डॉ. अमुक’ अशा सगळ्या ठिकाणी ही न तुटणारी जागा वापरायची सवय लावून घ्या. तुमच्या संस्थेत चिकटवून लिहायचीच रीत असेल तर तीही चालेल, पण मग पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीच. पान ३वर एक आणि पान ११वर दुसरी, असं झालं की अहवाल दोघांनी भांडून लिहिल्यासारखा दिसतो.

‘श्री’चा घोळ वेगळा आहे, कारण हे एकच अक्षर तीन कामं करतं. देवाच्या नावाआधी ते पूर्ण शब्द असतं आणि टिंब घेत नाही : श्री गणेश. माणसाच्या नावाआधी ते ‘श्रीयुत’चं लघुरूप असतं, म्हणून ‘श्री.’. आणि श्रीपाद, श्रीधर, श्रीकृष्ण यांचं आद्याक्षरही ‘श्री.’च होतं. श्री. ना. पेंडसे म्हणजे श्रीपाद नारायण पेंडसे; इथला ‘श्री.’ आदरार्थी नाही, तो नावाचा भाग आहे. तसेच श्री. म. माटे, तसेच ज्ञानकोशकार श्री. व्यं. केतकर. अशा नावाची नुसती यादी करायची असेल आणि बाकी सगळ्यांपुढे ‘श्री.’ लावलं असेल, तर इथे ‘श्री. श्री. ना. पेंडसे’ लिहावं लागेल, आणि कुणीतरी तपासताना ‘श्री.’ दोनदा पडलंय म्हणून एक खोडून टाकेल. त्यापेक्षा अशा व्यक्तीचं पहिलं नाव पूर्ण लिहा. किंवा त्याहून बरं, यादीच्या डोक्यावर एकदाच आदर व्यक्त करून सगळ्यांचीच नावं उपाधीशिवाय द्या.

दुसरी गफलत मराठी आणि इंग्रजी आद्याक्षरांची. श्रीपाद महादेव माटे हे श्री. म. माटे झाले, आणि श्रीधर महादेव जोशी हे एस. एम. जोशी झाले. आद्याक्षरं दोघांचीही ‘श्री’ आणि ‘म’च, पण एक मराठी अक्षरांनी ओळखले गेले आणि दुसरे इंग्रजी अक्षरांच्या मराठी उच्चारांनी. गुरुनाथ आबाजी कुलकर्णी हे जी. ए., ‘गु. आ.’ नव्हेत. इथे तर्क चालवायचा नसतो. ती व्यक्ती स्वतःचं नाव जसं लिहीत होती किंवा लिहिते, तसंच ठेवायचं. जिवंत माणसाच्या बाबतीत सरळ फोन करून विचारायचं. फक्त एकाच नावात दोन पद्धती मिसळू नका. ‘एस. महा. अमुक’ अशी संकरित नावं इंग्रजी यादीवरून घाईने मराठी यादी करताना तयार होतात. आणि इंग्रजी यादीवरून काम करताना एक धोका कायम लक्षात ठेवा. इंग्रजी ‘एस’मागे श्रीधर, शंकर, सदाशिव, सुमती, शैलजा कुणीही असू शकतं. पूर्ण नाव कळल्याशिवाय त्या ‘एस’चा ‘स.’ किंवा ‘श.’ करू नका.

आद्याक्षरं मुळात कुठे नकोत हेही सांगायला हवं. जिथे नावावर कायदेशीर ओळख ठरते तिथे ती नकोत : ठराव, करारपत्र, प्रमाणपत्र, बँकेला द्यायचं पत्र. पारपत्राच्या (पासपोर्टच्या) अर्जात तर नावाच्या रकान्यात आद्याक्षरं चालतच नाहीत. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम ठरला आहे. म्हणजे मधली आद्याक्षरं आता एकाऐवजी दोन होतील, आणि ‘मधलं अक्षर वडिलांचं’ हा आपला जुना अंदाजही चालणार नाही. पूर्ण नाव लिहिण्याचं हे आणखी एक कारण.

नावांना प्रत्यय लागतात तेव्हा टिंब आडवं येतं. ‘पु. लं.नी’, ‘पु. ल.च्या’ असले प्रकार डोळ्याला खुपतात, कारण टिंबाने शब्द संपल्यासारखा वाटतो आणि लगेच प्रत्यय येऊन त्याला पुन्हा उठवतो. दोन सोप्या वाटा आहेत. औपचारिक लेखनात आडनावासह लिहा आणि ‘यांनी, यांच्या, यांना’ वापरा : ‘पु. ल. देशपांडे यांनी’. ललित किंवा गौरवपर मजकुरात टिंबं काढून टाकून तो रूढ झालेला शब्दच घ्या : पुलंनी, वपुंच्या, जीएंना, गदिमांचे. हेच सगळ्या लघुरूपांना लागू आहे. ‘डॉ.ना बोलावले’, ‘रु.त वाढ झाली’, ‘जि.तील शाळा’ ही लेखनातली आळशी घाई आहे. डॉक्टरांना, रुपयांत, जिल्ह्यातील असंच लिहा. टिंबाचं लघुरूप फक्त पुढच्या शब्दाला टेकून उभं राहतं : डॉ. अमुक, रु. ५००, जि. तमुक. एकटं पडलं किंवा प्रत्यय घ्यायची वेळ आली, की त्याला पूर्ण शब्द करा.

संस्था-पक्षांच्या नावांची गोष्ट जरा निराळी. त्यांची आद्याक्षरं जोडून शब्दासारखी वाचली जातात, म्हणून टिंबं गळतात आणि प्रत्ययही बिनतक्रार लागतात : अंनिसने, मनसेचा, शेकापच्या, मसापमध्ये. इंग्रजी अक्षरांच्या लघुरूपांनाही मी हेच करतो : एसटीने, यूजीसीच्या. ‘एस.टी.ने’ चूक नाही, पण दोन टिंबांच्या गर्दीत प्रत्यय बुडतो. ‘भादंवि’ (भारतीय दंड विधान) हेही असंच शब्द बनून गेलं होतं, अनुस्वार सांभाळून. १ जुलै २०२४पासून त्या जागी भारतीय न्याय संहिता आली. नवं लघुरूप सगळ्यांच्या ओळखीचं होईपर्यंत पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव द्या, कंसात लघुरूप द्या आणि मग पुढे लघुरूप चालवा. तुमच्या स्वतःच्या संस्थेच्या नावालाही हाच न्याय. तुम्हाला ते पाठ आहे, पण देणगीदाराला असेलच असं नाही. आणि जे नाव मजकुरात दोनदाच येतं त्याचं लघुरूप करूच नका.

आता माझ्या कसोटीवर सर्वांत जास्त नापास होणारं लघुरूप सांगतो : ‘मा.’. ते ‘माननीय’चंही आहे आणि ‘माजी’चंही. ‘मा. अध्यक्ष’ म्हणजे सन्माननीय विद्यमान अध्यक्ष की पद सोडलेले? फलकांवर ही संदिग्धता काही जणांना सोयीचीही असते, पण अहवालात ती नको. ‘माजी’ नेहमी पूर्ण लिहा, अपवाद न करता. ‘प्रा.’चंही तसंच आहे. प्राध्यापक, प्राचार्य, प्राथमिक आणि ‘प्रा. लि.’मधलं प्रायव्हेट, सगळे एकाच टोपणनावाने वावरतात. ‘प्रा.’ फक्त प्राध्यापकांना ठेवा आणि प्राचार्य पूर्ण लिहा. ‘इ.’ हे इत्यादीही आणि इयत्ताही. ‘रा.’ म्हणजे राहणार की रात्री? ‘कु.’ म्हणजे कुमारी, पण मुलग्यांच्या नावाआधी कुमार म्हणूनही तेच लावलेलं दिसतं. यांतलं कोणतंही लघुरूप एका अहवालात एकाच अर्थाने वापरलं तर निभावतं. पण मग ते कोणत्या अर्थाने, हे तुम्ही आधी ठरवलेलं असायला हवं.

स्त्रियांच्या नावाआधी ‘सौ.’, ‘कु.’, ‘श्रीमती’ यांचा वाद तुमच्याकडे निघाला नसेल तर निघेल. ‘श्रीमती’ हा पूर्ण शब्द आहे, त्याला टिंब नाही. ‘श्रीमती’ म्हणजे विधवा असा समज काही घरांत अजून आहे, पण कार्यालयीन लेखनात तो शब्द सर्व स्त्रियांसाठी चालतो आणि मला तोच योग्य वाटतो. पुरुषाच्या नावावरून त्याचं लग्न झालंय का हे कळत नाही, तर बाईच्या नावावरून का कळावं? तरी एखाद्या बाईंनी स्वतः ‘सौ.’ लिहून दिलं असेल तर ते काढण्याचा अधिकार मुद्रितशोधकाला नाही. हीच गोष्ट ‘कै.’ची. ते सर्वांच्या श्रद्धेला लागू पडेलच असं नाही, म्हणून ‘दिवंगत’ बरा. आणि आदराच्या पदव्या तोडू नका. ‘लो. टिळक’, ‘म. फुले’, ‘स्वा. सावरकर’ यांत जागा वाचते, पण आदरासाठी लावलेला शब्दच तोडून लावला तर लावायचा कशाला? ‘म. गांधी’ तर नावाचं आद्याक्षर वाटतं, जे खरं म्हणजे ‘मो. क.’ आहे.

पदव्यांबद्दल तुमचा प्रश्न नेमका होता, त्याचं उत्तरही नेमकं आहे. ‘पी.एच.डी.’ चूक, ‘पीएच. डी.’ बरोबर. मूळ इंग्रजीत पहिल्या शब्दाची दोन अक्षरं घेतली आहेत, पी आणि एच. ती एकाच शब्दाची आहेत, म्हणून त्यांच्यात टिंब पडत नाही. ‘एलएल. बी.’ हेही तसंच. तिथे दोन ‘एल’ म्हणजे दोन वेगळे शब्द नव्हेत, लॅटिनमध्ये अनेकवचन दाखवायला एकच अक्षर दोनदा लिहायची ती रीत आहे. ‘बी. एस्सी.’, ‘एम. एस्सी.’ यांत ‘एस्सी’ हा एकाच शब्दाचा तुकडा आहे, ‘बी. एस. सी.’ केलं की तीन शब्द झाले. ‘बी. एड.’, ‘एम. फिल.’, ‘बी. कॉम.’ यांत घोटाळा होत नाही, कारण तिथे उच्चारच मदतीला येतो. एक सूचना : नावाआधी ‘डॉ.’ आणि नावानंतर ‘पीएच. डी.’ असं दोन्हीकडून लावू नका. एकच पुरे.

तारीख, वेळ आणि रक्कम यांत चुका टिंबांच्या कमी आणि पुनरुक्तीच्या जास्त असतात. ‘दि. १२ तारखेस’ म्हणजे दिनांक बारा तारखेस. ‘सन २०२४ साली’ म्हणजे साल साली. ‘रु. ५००/- रुपये’ यात रुपये दोनदा आले. ‘उदा. कागद, शाई, खिळे इ.’ यातही ‘उदा.’ म्हटल्यावर ‘इ.’ची गरज राहत नाही. रकमेपुढची तिरकी रेघ आणि आडवी रेघ हाताने लिहिलेल्या पावतीवर उपयोगी होती, पुढे कुणी आकडा वाढवू नये म्हणून. छापील तक्त्यात तिचं काही काम नाही. २०१० साली स्वीकारलेलं ₹ हे चिन्ह वापरलंत तर त्यानंतर टिंब देऊ नका, ते लघुरूप नव्हे. वेळ लिहिताना ‘५.३० वा.’पेक्षा ‘सायंकाळी साडेपाच वाजता’ निमंत्रणपत्रिकेत कधीही चांगलं दिसतं. तक्त्यात मात्र आकडेच हवेत. आकड्याला प्रत्यय जोडून लिहा : ‘२१व्या शतकात’, ‘१९७२मध्ये’. काही जण मध्ये जागा सोडतात, पण मग ‘२१’ ओळीच्या शेवटी आणि ‘व्या’ पुढच्या ओळीत एकटा बसतो.

विरामचिन्हांकडे येऊ. मराठीतली बहुतेक विरामचिन्हं इंग्रजीवरून आली. एकोणिसाव्या शतकात ती रुजवण्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा हात होता. त्याआधी मुख्यतः उभे दंड होते. मराठी गद्यात आता वाक्याच्या शेवटी टिंबच येतं, दंड हिंदीकडे राहिला. पण हे टिंब लघुरूपालाही लागतं आणि वाक्यालाही, म्हणून एक नियम लक्षात ठेवा. वाक्य लघुरूपाने संपलं तर एकच टिंब, दोन नव्हेत. स्वल्पविराम किंवा प्रश्नचिन्ह आलं तर मात्र लघुरूपाचं टिंब राहतं आणि त्यापुढे ते चिन्ह येतं.

खरा उपद्रव अपूर्णविरामाचा, म्हणजे दोन टिंबांच्या ‘:’ या चिन्हाचा आहे. विसर्ग आणि अपूर्णविराम दिसायला जुळे भाऊ, पण संगणकासाठी ती दोन निराळी चिन्हं आहेत. ‘विषयः’ असा विसर्ग टंकला तर वाचणारा क्षणभर संस्कृत वाचू लागतो. उलट ‘दुःख’, ‘स्वतः’, ‘अंतःकरण’ यांत विसर्गाऐवजी अपूर्णविराम पडला तर छापील पानावर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण फाइलमध्ये ‘स्वतः’ शोधायला गेलात, की तो शब्द सापडत नाही, वर्णानुक्रमात भलतीकडे जातो, आणि कधी ओळ नेमकी त्या ‘विसर्गा’पाशी तुटते. म्हणूनच मराठी छपाईत अपूर्णविरामाआधी एक जागा सोडायची पद्धत पडली : ‘विषय :’, ‘संदर्भ :’, ‘स्थळ :’. बाकी कोणत्याही विरामचिन्हाआधी जागा नसते, नंतर असते. एवढ्या एकाच चिन्हाला ही सवलत आहे, आणि तिला हे कारण आहे. ‘डॉ.’चीही अशीच जुळी चूक असते. काना आणि चंद्र वेगवेगळे टंकून काही जण ‘डाॅ.’ करतात. फोनवर टंकलेल्या मजकुरात ती फार सापडते. दिसतं जवळजवळ सारखंच, पण शोधलं की निम्मे डॉक्टर गायब.

‘म्हणाले की’ : स्वल्पविराम ‘की’च्या आधी द्या किंवा देऊच नका. ‘अध्यक्ष म्हणाले, की निधी पुरेसा आहे.’ ‘की’ पुढच्या वाक्याला जोडलेला असतो, तेव्हा त्याच्यानंतर थांबायचं कारण नाही. ‘अध्यक्ष म्हणाले की, निधी...’ हे सगळीकडे दिसतं, तरी मी ते खोडतो. ‘तरी’ आणि ‘सबब’ यांच्याआधी स्वल्पविराम देऊन लांबच लांब साखळी ओढायची सवयही कार्यालयीन लेखनात आहे. तिथे पूर्णविराम देऊन नवीन वाक्य करा. जोडशब्दात आडवी रेघ जागा न सोडता येते : आई-वडील, स्त्री-पुरुष. ‘१० ते १५’ लिहा किंवा ‘१०–१५’ लिहा, पण ‘१०–१५ पर्यंत’ नको. अवतरणचिन्हांत दुहेरी बोललेल्या शब्दांसाठी आणि एकेरी शीर्षकं, विशिष्ट शब्द यांसाठी, एवढं पाळलं तरी पुष्कळ. उद्गारचिन्ह अहवालात बहुधा लागतच नाही, आणि लागलंच तर एक.

हे सगळं एका वाक्यावर लावून दाखवतो. निमंत्रणपत्रिकेचा असा मसुदा माझ्याकडे थोड्याफार फरकाने नेहमी येतो :

‘मा.श्री.डाॅ.चि.त्र्य.अमुक साहेब (पी.एच.डी.) यांचे शुभहस्ते दि.१२ तारखेस सायं.५.३० वा. वाजता उद्घाटन होणार आहे,तरी आपण उपस्थित रहावे हि विनंती !!’

तो असा होतो :

‘डॉ. चिं. त्र्यं. अमुक यांच्या हस्ते १२ जानेवारी रोजी सायंकाळी साडेपाच वाजता उद्घाटन होणार आहे. आपण उपस्थित राहावे, ही विनंती.’

तीन उपाध्यांतून एक उरली. ‘साहेब’ आणि पदवी गेली, कारण ‘डॉ.’ आणि ‘यांच्या’ यांनी दोन्ही कामं केली. गळालेले अनुस्वार परत आले. तारखेला महिना मिळाला. तो नसल्याचं मूळ मसुद्यात कुणाच्याच ध्यानात आलेलं नव्हतं. ‘वा. वाजता’मधली पुनरुक्ती गेली. ‘तरी’ची साखळी तुटली. ‘हि’चा ‘ही’ झाला आणि ‘रहावे’चा ‘राहावे’. हे दोन बदल मात्र वहिवाटीचे नाहीत, अठरा नियमांतलेच आहेत. शुभ हस्ताचा आग्रह असेल तर ‘शुभहस्ते’ ठेवा, पण ‘यांच्या शुभहस्ते’ असं.

पत्राबद्दल विचारलं आहे म्हणून : ‘प्रति,’ आणि ‘महोदय,’ यांपुढे स्वल्पविराम. पत्त्यातल्या ओळींच्या शेवटी स्वल्पविराम दिले तर शेवटच्या ओळीला पूर्णविराम द्या. नाही तर कुठेच काही देऊ नका, हल्ली तेही रूढ आहे. ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’ ही लघुरूपं पत्त्यात बिनधास्त वापरा. पाकिटावर त्यांचा दुसरा अर्थ कुणी लावत नाही. ‘स. न. वि. वि.’ घरगुती पत्रात शोभतं, कार्यालयीन पत्रात नको. शीर्षकानंतर टिंब नको.

शेवटचा हात फिरवताना डोळ्यांवर भिस्त ठेवू नका, संगणकाला शोधायला लावा. आधी एका कोऱ्या कागदावर तुमच्या अहवालातली सगळी लघुरूपं आणि त्यांचं ठरवलेलं एकेक रूप लिहून काढा. बहुधा एक पान पुरतं. मग फाइलमध्ये क्रमाने शोधा : काना-चंद्राचा ‘डाॅ’, अपूर्णविरामाचा ‘स्वत:’, ‘पी.एच’, ‘म्हणाले की,’, दोन लागोपाठच्या जागा, स्वल्पविरामाआधीची जागा, आणि ‘मा.’. पहिले सहा एका फटक्यात बदलता येतात. ‘मा.’ मात्र एकेक उघडून, तो माणूस अजून पदावर आहे का हे विचारूनच बदला.